म्हशींच्या मागून, राजगडाच्या दक्षिणेला

पुण्यातून सायकलवर बाहेर पडण्यात आता काही गंमत उरलेली नाही. कात्रजच्या बोगद्यापर्यंत जाईस्तोवर निम्मा जीव ट्रकच्या धुरात जातो. म्हणून आम्ही सरळ सायकली गाडीच्या मागे अडकवतो, कापूरहोळला महामार्ग सोडतो आणि भोरला पोचल्यावरच पेडल मारायला लागतो. ग्रुपमधले कट्टर लोक यावरून टोमणे मारतात. मारोत. आम्हाला मुरूम हवा असतो, शौर्यपदक नको असतं.

मुरमावर सायकल चालवायची तर डिसेंबर-जानेवारीच. पावसाने दाबून बसलेला असतो, ओल गेलेली असते आणि फुफाटा अजून झालेला नसतो. होळीनंतर त्याच वाटेवर मागचं चाक नुसतं घसरतं. टायर चाळीस मिलिमीटरच्या वरचे, हवा नेहमीपेक्षा बरीच कमी, आणि ट्यूबलेस असलेले बरे. बाकी सगळं चालवून घेता येतं, पण बाभळीच्या काट्यांपुढे साधी ट्यूब म्हणजे आत्महत्या. काटा घुसतो, टायरमध्ये भरलेला चीक (सीलंट) फसफसून बाहेर येतो, दोन-चार फेऱ्यांत भोक बुजतं आणि आपण न उतरता पुढे. या एका शोधासाठी मी माणसाचे बरेच अपराध माफ करायला तयार आहे.

या वेळी वेळवंडी नदीचं खोरं, म्हणजे भाटघर धरणाच्या फुगवट्याकडेने भुतोंड्याच्या दिशेला. भाटघर ब्रिटिशांनी दोनदा बांधलं. आधी एकोणिसाव्या शतकात, तेव्हा त्या पाण्याला लेक व्हाइटिंग म्हणायचे. मग 1920 च्या दशकात तिथेच मोठं लॉइड धरण. साडेतेवीस टीएमसीचा हा साठा नीरेच्या कालव्यांतून बारामती-फलटणकडे जातो. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे, आणि ते रास्तच आहे, कारण येसाजी भुतोंड्याचेच. वेळवंडजवळचं कांबरेश्वराचं देऊळ वर्षातला बराच काळ या पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की वर येतं. आम्ही गेलो तेव्हा देव पाण्यातच होते.

खोऱ्यातली सपाट जमीन अशी बुडाल्यावर वाटा डोंगराच्या अंगाला सरकल्या. त्यांतल्या एकीवर डांबर पडलं, तिच्यावरून एसटी जाते. उरलेल्या गाडीवाटा म्हणजे आमचं सुख. भाताची कापणी उरकलेली, खाचरांत नुसते धसकट, झाडांवर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, आणि उजव्या हाताला राजगड. गुंजवण्याकडून सगळेच बघतात तो राजगड वेगळा. दक्षिणेकडून संजीवनी माची पश्चिमेला लांबच लांब पसरलेली दिसते आणि तिच्या पलीकडे तोरणा. तासाभरात आम्हाला एकही गाडी भेटली नाही.

आणि मग फाटक.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वळण घेतलं तर वाटेवर आडवं, काळ्या रंगाचं, डोक्यापेक्षा उंच लोखंडी फाटक. दोन्ही बाजूंना हिरवी जाळी. फलकावर ‘लेक टच फार्म प्लॉट्स, राजगड-तोरणा व्ह्यू’ आणि खाली लाल अक्षरांत खासगी मालमत्ता. वाट फाटकाखालून आत जाताना स्पष्ट दिसत होती, चाकोऱ्यांसकट. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत औशाकडचा एक पोरगा, गणवेश दोन मापं मोठा.

“सर, पुढं प्रायव्हेट आहे.”

मी म्हटलं, ही वाट जुनी आहे. तो म्हणाला, असेल सर. मी म्हटलं, आम्ही थांबणार नाही, नुसते पलीकडे जाणार. तो म्हणाला, कॅमेरा आहे सर, माझी नोकरी जाईल. मग त्याने आम्हाला पाण्याची बाटली दिली. माणूस उर्मट असला की भांडता तरी येतं. या पोराने तीही सोय ठेवली नव्हती. मागे फिरायचं म्हणजे सगळा उतार चढून डांबरावर जायचं. माझा मित्र तोवर सावलीत बसून चिक्की खायला लागला होता. असल्या प्रसंगी त्याचा मला मनापासून राग येतो.

तेवढ्यात मागून गळ्यातल्या लोढण्यांचा आवाज आला. सात-आठ म्हशी आणि त्यांच्यामागे काष्ट्याचं लुगडं नेसलेल्या एक आजी, हातात काठी, डोक्यावर टॉवेलाची घडी. त्यांनी वेगही कमी केला नाही. पोरगा खुर्चीतून उठला आणि म्हशी पोचायच्या आत फाटकाची दोन्ही दारं सताड उघडून बाजूला उभा राहिला. आम्हाला इतका वेळ कॅमेरा दाखवणारा हाच.

आजींनी आमच्या हेल्मेटांकडे पाहिलं. “कुठलं पाव्हणं?”

“पुण्याचे. आजी, हे सोडत नाहीत आम्हाला.”

“मंग म्हसरांच्या मधी चला. गप चला, त्या पुढच्या सावळीला हात लावू नका, ती लाथ घालती.”

आणि आम्ही गेलो. लाखभर रुपयांची सायकल हातात धरून, बुटांच्या तळाचे, पेडलला अडकणारे क्लीट खडखडवत, दोन म्हशींच्या मधोमध. पोराने आमच्याकडे पाहिलंच नाही. तो फार लक्ष देऊन आभाळ बघत होता. आत मुरूम गायब. तिथे लाल-करड्या पेव्हर ब्लॉकचा रस्ता, कडेला पाम, एक निळा पोहण्याचा तलाव, आणि तलावापासून पन्नास पावलांवर साडेतेवीस टीएमसी पाणी. सावळीने पेव्हर ब्लॉकवर सावकाश, मोकळेपणाने शेण टाकलं.

“ते भरायला माणूस ठिवलाय त्यांनी,” आजी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जे समाधान होतं ते मी बऱ्याच दिवसांत कुणाच्या आवाजात ऐकलं नव्हतं.

फाटक बसलं तेव्हा गावातल्या चार जणांनी आरडाओरडा केला आणि गप्प झाले. दोघांची पोरं तिथेच कामाला लागली. आजींनी काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हशी घेऊन आल्या, फाटक बंद होतं, तर म्हशींसकट तिथेच बसून राहिल्या. दुपारी उघडलं. “माझं सासरं ह्या वाटंनं बैलगाडी न्यायचं. नकाशात हाय ती,” एवढंच त्यांचं म्हणणं.

नकाशाचं मला पुण्यात आल्यावर ओळखीच्या एका निवृत्त तलाठ्यांनी समजावलं. गावनकाशावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने काढलेला असतो आणि त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायवाटेला एकच तुटक रेघ, सव्वाआठ फूट. अशी वाट कुणी अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतो, वकील लागतोच असं नाही. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. इथे ते सहा महिने कधीच उलटून गेलेत. आणि त्या वाटेवर रोज ठरल्या वेळी चालणारं गावात आता आजींच्या म्हशींखेरीज कुणी नाही. त्यांची पोरं पिंपरीला असतात.

पलीकडच्या बाजूला फाटक नव्हतं, जाळीला नुसतं खिंडार. तिथून पुढे कारवीच्या जाळीतून उतरणारी वाट मी आजवर चालवलेल्या वाटांत सगळ्यात चांगली. ब्रेक न लावता उतरता येईल असा उतार, खाली पाणी, वर गड. दुसरा दिवस रायरेश्वराच्या बाजूला गेला. डांबर होतं, बरं होतं.

घरी आल्यापासून तिघांनी या वाटेचा जीपीएस ट्रॅक मागितलाय. मी दिला नाही. पंधरा जणांचा जथा रंगीत जर्सी घालून त्या फाटकावर वाद घालायला लागला तर औशाच्या पोराला दार लावून घ्यावंच लागेल, आणि मग म्हशींचंही अवघड होईल. अगदीच ओळखीचं कुणी मागितलं तर देईन. पण दोघांपेक्षा जास्त जाऊ नका, आणि साडेनवाच्या आत पोचा. नंतर म्हशी पुढे गेलेल्या असतात.