संवर्धकांची नावं विकिडेटावर: काम कुठवर आलं

जुन्या वस्तू आणि चित्रं दुरुस्त करून टिकवणारे ते संवर्धक. आतापर्यंत त्यांची नावं गोळा करून विकिडेटा या कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या माहितीसंग्रहात माणसांच्या नोंदी करत होतो. त्यातून हाती फारसं लागेना, म्हणून क्रम उलटा केलाय. आधी वस्तू, मग तिच्यावर झालेला उपचार, आणि तिथून तो करणाऱ्यापर्यंत पोचायचं. संग्रहालयांच्या इतिहासात देणगीदार सापडतात, अभिरक्षक (संग्रह सांभाळणारे अधिकारी) सापडतात, इमारतीचा वास्तुविशारद तर हमखास. मूर्तीवरचा गंज ज्याने थांबवला तो मात्र सापडत नाही. त्याचं काम चांगलं झालं की दिसतच नाही ना!

काम अंगाशी आलं तर मात्र नाव टिकतं. अजिंठा घ्या. निजामाच्या पुरातत्त्व खात्याची धुरा गुलाम याझदानींकडे असताना, १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना तिथे बोलावलं होतं. भिंतीपासून सुटत चाललेला गिलावा त्यांनी पक्का केला. पण चित्रांवर शेलॅकचं, म्हणजे लाखेचं वार्निशही चढवलं. ते पुढे पिवळं, काळपट पडलं आणि ते उतरवण्याचं किचकट काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांच्या गळ्यात आलं. आज त्या दोघांची नावं कुठेही मिळतात, वार्निश उतरवणाऱ्यांची शोधावी लागतात. चेक्कोनींच्या नोंदीत मी गिलावा आणि वार्निश दोन्ही घातलंय. नुसतं वार्निश घालणं मला अन्यायाचं वाटतं.

सध्या सगळ्यात भरलेली नोंद रसायनतज्ज्ञ एस. परमशिवन यांची आहे. चेन्नईच्या (तेव्हाच्या मद्रासच्या) सरकारी संग्रहालयाची रसायनशाळा १९३० सालची, आणि कांस्यमूर्तींवर विद्युतविघटनाने उपचार करण्याचं त्यांचं काम तिथलंच. कांस्याच्या आत क्लोराइड दबून बसलेलं असतं. हवा दमट झाली की फिकट हिरवी भुकटी पुन्हा वर येते, त्यामुळे वरवर पुसून भागत नाही. या पद्धतीत मूर्ती कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात बुडवून तिलाच ऋणाग्र (विजेचं ऋण टोक) करायचं, भोवती लोखंडी धनाग्र (धन टोकं) ठेवायचे आणि अगदी मंद प्रवाह सोडायचा. क्लोराइड हळूहळू द्रावणात उतरतं, द्रावण बदलत राहायचं. हल्ली हा उपाय सरसकट करत नाहीत, कारण मूर्तीवरचा जुना थरही त्यात निघून जातो. परमशिवन यांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातल्या भित्तिचित्रांचाही अभ्यास केला, आणि तो हार्वर्डच्या फॉग संग्रहालयाच्या नियतकालिकात छापून आला. छापील पुरावा असल्यामुळे ही नोंद सोपी गेली.

बाकीच्यांचं तसं नाही. वार्षिक अहवालांत कर्ता नसतोच: मूर्ती साफ करण्यात आली, रंग पक्के करण्यात आले. पुरातत्त्व खात्याची विज्ञान शाखा १९१७ ची, पण मोहम्मद सनाउल्लांसारख्या रसायनतज्ज्ञाचं नाव ठळक दिसतं ते मोहेंजोदडोच्या १९३१ च्या अहवालात, धातूंच्या पृथक्करणामुळे. त्यांच्या हाताखालच्या मदतनिसांसाठी मी आता अहवालाच्या शेवटच्या पानांवरून सुरुवात करतो. नेमणुका, बदल्या, रजा यांचा कंटाळवाणा मजकूर तिथे असतो. अमुक महिन्यांत प्रयोगशाळेत कोण हजर होतं हे त्यावरून कळतं. तेवढ्यावरून 'उपचार यांनीच केला' असं लिहायचं नाही हा नियम मात्र पाळतोय. हजेरी हा काही हाताचा पुरावा नव्हे.

१९६६ साली संवर्धकांची भारतीय संघटना निघाली, १९७६ साली ओ. पी. अगरवाल यांच्या पुढाकाराने लखनौची एनआरएलसी ही संवर्धनाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. तिथून पुढे कागद बरेच मिळतात, शिवाय हयात माणसंही. हयात व्यक्तीची नोंद तिला विचारल्याशिवाय करायची नाही, एवढं ठरवलंय. अमेरिकेत जॉइस हिल स्टोनर यांनी १९७५ पासून संवर्धकांच्या मुलाखतींचा संग्रह उभारायला घेतला. आपल्याकडेही तसं काही हवं. माझा अनुभव असा की 'तुमच्या कारकिर्दीबद्दल सांगा' म्हटलं की समोरचा दोन वाक्यांत गप्प होतो. त्याच माणसासमोर त्याने जोडलेल्या वस्तूचा फोटो ठेवून 'सांधा कुठे आहे?' विचारलं, की वापरलेला डिंक, त्या वेळचे वरिष्ठ, झालेलं भांडण, सगळं बाहेर येतं.

पुढचा टप्पा हस्तलिखितांचा: तुटक पानांना आधारासाठी शिफॉन, म्हणजे तलम कापड, चिकटवणारे कारागीर. त्यांची नावं अहवालातही नसतात. कुणाकडे जुन्या प्रशिक्षणवर्गाचा गटफोटो असेल तर स्कॅन करताना मागची बाजूही घ्या, नावं बहुधा तिथेच पेन्सिलीने लिहिलेली असतात.