विहिरीतलं मीठ

ऑगस्ट लागला की हा प्रश्न येतोच. पुण्याचे भाऊजी फोनवर विचारतात, रिटायर झालेले सर एसटी स्टँडवर गाठून विचारतात, परवा तर बँकेच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या एका बाईंनीही विचारलं, "मॅडम, तुमच्या शाळेतल्या पोरांना पंधरा ऑगस्टचं काही वाटतच नाही का हो? आणि वाटत नाही, तर एवढा खटाटोप कशाला करता?" एरवी मी हसून वेळ मारून नेते. आज तुम्ही विचारलंत म्हणून बसून सांगते.

आमची शाळा अकोला जिल्ह्यात, पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे विहिरीचं पाणीच खारं. पंधरा ऑगस्टला पटावरची निम्मी पोरं आली तरी आम्ही पावलो म्हणायचं. बाकीची कुठे असतात ते शाळेच्या गच्चीवरून दिसतं. पावसानं उघडीप दिली की निंदण, डवरण, फवारणी सगळं एकदमच अंगावर येतं, आणि शाळेची सुटी म्हणजे हक्काची मजुरी. सातवीतल्या एका मुलीला मी गैरहजेरीबद्दल रागावले, तर ती खाली मान घालून म्हणाली, "झेंड्याले आली असती मॅडम, पण मायसंगची पात कोण धरन?"

पण नुसतं शेतावर ढकलून चालणार नाही. जी येतात, तीही तोंडं पाडूनच बसतात. हे खरं आहे.

2022 साली स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव होता. वरून पत्रांवर पत्रं. 13 ते 15 ऑगस्ट घरोघरी तिरंगा, फोटो काढा, अपलोड करा, अहवाल पाठवा. ध्वजसंहितेतली अट 2021 च्या डिसेंबरात सैल झालेली, त्यामुळे खादीऐवजी पॉलिस्टरच्या झेंड्यांचे गठ्ठे आले. आमच्या गठ्ठ्यातल्या एका झेंड्याचं चक्र हिरव्या पट्टीत उतरलं होतं. पोरं हसली, मी ओरडले, मग मलाही हसू आलं. निबंध स्पर्धा घेतली. 22 निबंध आले, त्यातले बरेचसे मोबाइलवरून उतरवलेले. एकात तर 'आमच्या शाळेच्या खिडकीतून दिसणारा अथांग सागर' होता. आमच्या खिडकीतून तूर दिसते. समुद्र चारशे किलोमीटरच्या पलीकडे.

त्या सागरावरूनच मी नववीच्या वर्गात मिठाच्या सत्याग्रहाकडे वळले. 1930 साली गांधीजी साबरमतीहून चालत दांडीला गेले, 6 एप्रिलला मीठ उचललं, हे पुस्तकात आहे. आपल्याकडच्या लोकांनी काय केलं ते मी सांगितलं. वऱ्हाडात समुद्र कुठला? पण खाऱ्या विहिरी आहेत की! लोक दहीहंडा गावी जमले, तिथल्या विहिरीचं पाणी काढलं, चुलीवर आटवलं आणि मीठ करून कायदा मोडला. त्याच वर्षी जुलैत तिकडे पुसदला बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. हाताशी जे होतं, त्यावर लढले.

पुसदपर्यंत वर्ग माझ्याबरोबर आलाच नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो जून महिन्यापासून एक शब्द बोलला नव्हता, त्यानं विचारलं, "मॅडम, दहीहंडा म्हणजे आपलंच नं? आमच्या मामाचं गाव?"

"हो, तेच."

"मंग आमच्या वावरातल्या विहिरीचं बी बनन काय? मोटरच्या पाइपाले पांढरं थर जमते."

दुसऱ्या दिवशी तो तेलाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये पाणी घेऊन हजर. खिचडीच्या शेडमधल्या मावशी गॅसवरून कुरकुरल्या, शेवटी शेडमागे तीन दगड मांडून पऱ्हाट्या पेटवल्या. अडीच तास लागले. मधल्या सुटीत अर्धी शाळा त्या पातेल्याभोवती. पाणी तळाला आलं तसा पिवळसर फेस धरला, मग कडेनं राखाडी पापुद्रा चढू लागला. उलथन्यानं खरवडलं तर जेमतेम दोन-तीन चमचे निघालं. प्रत्येकानं बोटाला लावून चाखलं. आधी खारट, मग जिभेवर कडसर, सोड्यासारखं. एकानं थू केलं आणि म्हणाला, "अन् हेच पाणी आपन ढोराले पाजतो!"

तिथून पोरं जी बोलायला लागली! या पाण्यानं ओलित केलं तर जमीन कशी चिबडते, नळ किती दिवसांनी येतो, कॅनच्या पाण्याला महिन्याला किती जातात, कोणाच्या आजोबांचं डायलिसिस कुठे चालू आहे. गांधीजींचं नाव कोणी काढलं नाही. मीही काढलं नाही.

त्या मागच्या बाकावरच्या मुलानं पंधरा ऑगस्टला भाषण करतो म्हटलं. आपण होऊन! वहीचं एक पान लिहून आणलं. दहीहंडा, पातेलं, मीठ, सगळं होतं, आणि शेवटी एक ओळ : "पण 75 वर्षांत आमच्या गावाचं पाणी गोड काऊन नाही झालं?"

हेडमास्तरांनी ती ओळ पेनानं खोडली. पाहुणे येणार आहेत, मॅडम, उगीच कशाला. मी काही बोलले नाही. संस्थेत नोकरी करायची असते, पेन्शन जवळ आलेली असते, ही कारणं मला तेव्हाही पुरली नव्हती. उलट मीच त्याला समजावलं की बाकीचं भाषण चांगलंच आहे, तेवढं म्हण.

तो पंधरा ऑगस्टला आला नाही. 17 तारखेला सकाळी 11 वाजता राज्यभर एकाच वेळी राष्ट्रगीत झालं, तेव्हा आला होता. ओळीत उभा राहून सगळ्यांबरोबर नीट म्हणाला. वर्गात पुन्हा वर्षभर बोलला नाही.

तेव्हा 'पोरांना काही वाटत नाही' असं कोणी म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर ते खोडलेलं पान येतं. भाऊजींना हे फोनवर कसं सांगू?

ते मीठ प्रयोगशाळेत एका बाटलीत ठेवलंय. पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं, उन्हाळ्यात पुन्हा खडा होतो. गेल्या आठवड्यात आठवीच्या वर्गाला ती बाटली दाखवली, गोष्ट सांगितली, खोडलेल्या ओळीसकट. मग विचारलं, यंदा भाषण कोण करणार? नेहमीसारखं कोणी हात वर केला नाही. तास संपल्यावर एक मुलगी दाराशी घुटमळली.

"मॅडम, भाषण आंधी दाखवा लागते काय?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग पायते," म्हणाली आणि पळाली.