दोन तिरका बसलाय

"अगं बाई, ही माझी चादर!" असं काहीसं शेजारच्या आजी इंग्रजीत ओरडल्या. चादरीत काय गुंडाळलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. फुलाफुलांची ती चादर धुऊन दोरीवर घातली होती आणि संध्याकाळी गायब झाली होती म्हणे, तीसेक वर्षांपूर्वी. चोर घरातलाच निघाला आणि आता जाबही विचारता येत नव्हता. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली.

इकडे मिशिगनमध्ये घरात न मावणारा संसार ठेवायला शटरच्या खोल्या भाड्याने मिळतात. आजोबांनी तशी एक घेतली होती. आजी भाडं भरत राहिल्या, आत काय आहे ते कधी बघायला गेल्या नाहीत. शेवटी खोली सोडायची ठरली आणि शेजारचा गाड्यांच्या कंपनीतला इंजिनिअर म्हणून मला बोलावणं आलं. मी सॉफ्टवेअरचा इंजिनिअर आहे हे सांगून उपयोग नसतो.

चादर सोडली तर आत तेलकट इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांच्या जोडावर, एका रांगेत बसवलेले तीन कार्बोरेटर. मी खालीच बसलो. जनरल मोटर्सच्या पॉन्टिअ‍ॅकचं ट्राय-पॉवर! साधं चालवताना मधला एकटा राबतो आणि कडेचे दोघे झोपलेले असतात. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जोरात पडला की तेही जागे होतात आणि मग पेट्रोलचा हिशोब करायचा नसतो. साठच्या दशकात इथे गॅलनला तीसेक सेंट पडत, त्यामुळे तो कुणी करतही नसे.

हे ट्राय-पॉवर ज्या जीटीओ गाडीत मिळे तिची जन्मकथा मला फार आवडते, कारण ती आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत घडू शकली असती. जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टिअ‍ॅकवाल्यांनी, म्हणजे चीफ इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि मंडळींनी, १९६४ साली आपल्या टेम्पेस्ट लेमान्समध्ये ३८९ घनइंचांचं घातलं. नवी गाडी काढलीच नाही, जादा पैसे भरून घ्यायचा एक 'ऑप्शन' म्हणून जीटीओ यादीत सरकवली. नियम गाडीला होता, ऑप्शनला नव्हता! ३८९ घनइंच म्हणजे जवळपास ६.४ लिटर. त्याच सुमारास आपल्या कुर्ल्याला जी फियाट बनत होती, जिची पुढे पद्मिनी झाली, तिचं इंजिन १०८९ सीसी. म्हणजे एका बॉनेटखाली सहा फियाटी, थोड्या कमी. पुढे वरच्या साहेबांनी १९६७च्या मॉडेलपासून कॉर्व्हेट सोडून सगळ्यांचेच जादा कार्बोरेटर बंद केले.

कॉफीच्या डब्यांत बोल्ट होते, प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि पेन्सिलीने लिहिलेलं नाव. एका डब्यावर नुसतं 'टाकू नकोस' लिहिलेलं. कुणाला उद्देशून ते उघड होतं. आजींनी तो डबा हातात घेतला, हलवून बघितला आणि परत जागेवर ठेवला.

कोपऱ्यात लाकडी पाटावर इंजिनचा ब्लॉक होता. आम्हा दोघांना तो तसूभर हलला नाही. मोबाइलचा उजेड पाडून पुढच्या बाजूला ठोकलेली अक्षरं वाचली आणि जरा हिरमुसलो. १९६५च्या ट्राय-पॉवरवाल्या, हाताने गिअर टाकायच्या जीटीओवर 'डब्ल्यूएस' असतं. इथे दुसरंच काही होतं. ब्लॉक तोच ३८९, पण कुठल्या तरी घरगुती सेडानचा. म्हणजे आजोबांकडे जीटीओ कधी नव्हतीच. बायकापोरांना घेऊन चर्चला जाणाऱ्या गाडीला ते तीन कार्बोरेटर लावणार होते. मला ते जास्तच आवडले मग.

मागच्या अंगाला चिंधीने घासल्यावर ओतीव आकडे वर आले: सी, १२, ५. सी म्हणजे तिसरा महिना, मग तारीख, मग सालाचा शेवटचा आकडा. १२ मार्च १९६५. कॅलेंडर बघितलं, शुक्रवार.

माझे बाबा कोल्हापुरात उद्यमनगरच्या फाउंड्रीत तीस वर्षं पॅटर्नशॉपला होते. वाळूत ठसा उमटवायचा तो पॅटर्न, त्यावर तारखेची बारकी पट्टी असते आणि ती रोज सकाळी कुणीतरी बदलायची असते. लहानपणी मी ते आकडे खेळायला पळवायचो आणि मार खायचो. फोटो काढून त्यांना पाठवला. तिकडे रात्रीचे साडेअकरा झाले होते, तरी फोन आलाच.

"कास्टिंग चांगलं आहे. वाळू बारीक वापरलीय," बाबा म्हणाले. गाडी कुठली, किंमत किती, काही विचारलं नाही. मग थोडा वेळ गप्प. फोटो मोठा करून बघत असणार.

"पण बारातला दोन तिरका बसलाय की रे."

मी बघितलं. खरंच कललेला होता.

"सकाळी उशिरा आला असणार गडी कामावर."

आजींना मी हे सांगितलं. त्या चादरीवरचा तेलाचा डाग नखाने खरवडत होत्या. निघत नव्हता.