लिंकनचा बाप आणि जमिनीचा कागद

लिंकन म्हणलं की आपल्याकडं शाळेच्या भिंतीवरचं ते हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र आठवतं (ते त्यानंच लिहिलं याचा पुरावा काही नाही, पण असो), त्याच्या बापाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. थॉमस लिंकन. शेतकरी माणूस, जोडीला सुतारकाम, लिहिता यायचं ते सहीपुरतं. त्याच्याबद्दल बहुतेक जण एका वाक्यात आटपतात की आळशी होता, एका जागी टिकला नाही, सारखं बिऱ्हाड उचलायचा. मला हे काय पटत नाही. कारण आमच्या शिवारात जमिनीची केस नाही असं घर शोधावं लागतं, आणि केस चालू असलेल्या रानात माणूस कसा जगतो ते मी बघतोय.

थॉमसच्या बापाचं नाव पण अब्राहमच. व्हर्जिनिया सोडून तो केंटकीत आला आणि पाच हजार एकरांच्या वर जमीन नावावर केली. ती मुळात कोणाची होती हा प्रश्न त्या कागदात कुठंच नव्हता. 1786 ला शेतात काम करताना तिथल्या मूळ लोकांनी त्याला मारलं, पोरांच्या डोळ्यांदेखत, थॉमस तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षांचा. थोरला भाऊ मोर्डेकाय यानं घरातून बंदूक चालवून थॉमसला वाचवलं असं घरात सांगायचे. पण बापानं मृत्युपत्र केलं नव्हतं आणि तेव्हाच्या कायद्यानं सगळी जमीन थोरल्याकडं. म्हणजे ज्या भावानं जीव वाचवला त्याच भावाकडं सगळी इस्टेट, आणि धाकटा लोकाच्या बांधाला मजुरीला. आपल्याकडं निदान भावकीत भांडून का होईना दोन एकर पदरात पडतात.

तरी थॉमसनं मजुरी आणि सुतारकाम करून जमीन घेतलीच की. आळशी माणूस घेईल का? 1803 ला पहिलं रान, 1808 ला दुसरं, तिथंच 1809 ला अब्राहम झाला, मग नॉब क्रीकचं तिसरं. तिन्ही ठिकाणी टायटलचा घोळ.

घोळ कशाचा, तर केंटकीत सरकारी मोजणी आधी झालीच नाही. ज्याला वाटलं त्यानं जायचं, खुणा करायच्या, या ओकच्या झाडापासून त्या ओढ्यापर्यंत माझं, आणि कागद करून टाकायचा. एकाच तुकड्यावर तीन-तीन जणांचे दावे. आमच्या आजोबांच्या पेटीत निजामाच्या काळातला एक उर्दू कागद आहे, तो वाचायला शहरातून माणूस आणावा लागला, आणि आत निघालं काय तर चतुःसीमा, उत्तरेस ओढा, दक्षिणेस अमक्याचं शेत, पश्चिमेस चिंचेचं झाड. चिंच माझ्या जन्माआधीच तोडलेली, आणि ओढा तर पूर आला की जागा बदलतो. आता त्या कागदावर मोजणीवाल्यानं साखळी कुठून धरायची?

थॉमसचं पण तेच. पहिलं रान विकताना 38 एकर कमी भरले, दुसऱ्याचा वाद कोर्टात गेला, तिसऱ्यावर बाहेरच्या वारसदारांनी बेदखलीचा दावा टाकला. शेवटी 1816 च्या डिसेंबरात बायको नॅन्सी, पोरगी, पोरगा घेऊन ओहायो नदी ओलांडली आणि इंडियानात गेला. लिंकननं स्वतः पुढं लिहून ठेवलंय की केंटकी सोडण्यामागं थोडाफार गुलामगिरीचा भाग होता पण मुख्य कारण जमिनीच्या मालकीची कटकट.

इंडियानात 1785 च्या कायद्यानं आधी मोजणी, मग विक्री. सहा मैलांचा चौकोन, त्यात 36 सेक्शन, एक सेक्शन 640 एकर, सोळावा शाळेसाठी राखीव. थॉमसनं 160 एकर नोंदवले, दोन डॉलर एकर, पाव रक्कम आधी आणि बाकी हप्त्यानं. हप्ते काय झेपले नाहीत, मग 1827 ला निम्मी जमीन सरकारला परत देऊन उरलेल्या 80 एकरांचा पक्का कागद घेतला. मला हा माणूस हुशारच वाटतो बुवा.

पण कागद पक्का झाला तरी घरावर आफत यायची ती आलीच होती. तिथल्या जंगलात एक पांढऱ्या फुलाचं झुडूप, गाईनं ते खाल्लं की दूध विषारी. 1818 ला नॅन्सी त्यानंच गेली, पेटी थॉमसनं स्वतः बनवली, पोरगा नऊ वर्षांचा. वर्षभरानं थॉमस केंटकीत जाऊन सारा या विधवेशी लग्न करून आला, तिची तीन पोरं सोबत. या सावत्र आईनंच अब्राहमला जीव लावला.

बापाशी मात्र नाही जमलं. पोराला लोकाकडं कामाला लावायचं आणि मजुरी बापानं ठेवायची, एकविसाव्या वर्षापर्यंत तसा कायदाच होता. 1830 ला सगळं कुटुंब बैलगाड्यांनी इलिनॉयला गेलं, पोरानं नव्या रानाला लाकडं फोडून कुंपण घालून दिलं आणि पुढच्या वर्षी वेगळा झाला. 1851 ला बाप शेवटच्या आजारात होता तेव्हा भेटायला गेला नाही, भेटलो तर आनंदापेक्षा त्रासच जास्त होईल असं कळवलं. मातीलाही नाही. हे मला अजून जड जातं.

पण 1841 ला याच पोरानं बापाची 40 एकर जमीन 200 डॉलरला विकत घेऊन दस्तात लिहून ठेवलं होतं की आई-बाप जिवंत असेपर्यंत वहिवाट त्यांचीच. बाप गेल्यावर सावत्र भाऊ जमीन विकून मिसूरीला निघाला, तेव्हा लिंकननं त्याला पत्रात झापलं, तिकडची जमीन काय इथल्यापेक्षा कसदार आहे का? आणि ते 40 एकर आईचे, तुला कसायचे नसतील तर खंडानं लावू, तेवढ्यात तिचं भागेल. ती जमीन विकली गेली नाही, आणि सारा म्हातारी 1869 पर्यंत जगली, लिंकनच्या खुनानंतरही चार वर्षं.