अठरावी काठी

शनिवार, २९ मार्च २०२५
एलिकॉट सिटी, मेरिलँड

बाथटबमध्ये सतरा काठ्या भिजत पडल्यात. अठरावी मी आज मुद्दाम परत घेतली नाही आणि दुपारपासून मनात तीच घोळतेय.

आमचा लॅक्रॉसचा, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू उचलायच्या, झेलायच्या नि फेकायच्या खेळाचा, मोफत वर्ग आज संपला. मार्चमधले चार शनिवार, सकाळी एक तास, पाच ते सात वर्षांची अठरा मुलं. हेल्मेट नाही, पॅड नाहीत, बूट घरचे. चेंडू मऊ, आणि कुणी कुणाला धक्का द्यायचा नाही हा एकच कडक नियम. खरा चेंडू भरीव रबराचा, दीडशे ग्रॅमच्या जरा आतला. क्रिकेटच्या चेंडूइतकाच सणकून लागतो. तो मी मुलांना एकदा हातात धरून बघायला देतो आणि पुन्हा पिशवीत टाकतो.

पहिल्या दिवशी फक्त दोनच गोष्टी शिकवायच्या. एक, जमिनीवरचा चेंडू काठीच्या जाळीत उचलणं. सगळी मुलं आधी ताठ उभी राहून वरून चेंडू खरवडतात, आणि चेंडू पुढे पुढे पळतो. इथे मला सांगलीचा खो-खो उपयोगी पडतो. गुडघे वाकव, मागचा हात जमिनीला लागेल इतका खाली ने, आणि चेंडूपाशी थांबू नकोस, धावत त्याच्या पलीकडे जा. आमचे सर खांबापाशी हेच ओरडायचे, खाली, अजून खाली! दुसरी गोष्ट, चेंडू जाळीत ठेवून धावणं. त्याला क्रेडल म्हणतात, म्हणजे पाळणाच. मनगटानं काठी हलकेच झुलवत राहिलं की चेंडू जाळीला धरून राहतो. मी सांगतो, बाळाला झोका द्या. दुसऱ्या शनिवारी दोन वेण्यांवाल्या एका मुलीनं मला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. तिचा चेंडू नुकता झोपला होता.

गेल्या वर्षीचं मात्र अजून सलतं. तेव्हाही सगळं फुकटच होतं, पण तास संपला की आम्ही काठ्या मोजून पिशवीत भरायचो. चोवीस मुलं आली होती, चौथ्या शनिवारी नऊ उरली. मी ते थंडीवर ढकललं, मग मुलांच्या इतर क्लासेसवर. प्रत्येक आठवड्याला मुलं पुन्हा पहिल्या दिवसासारखी ताठ उभी राहून खरवडायची, हे डोळ्यांसमोर दिसत होतं, पण कळत नव्हतं.

ते आईशी फोनवर बोलताना कळलं. तिनं बावीस वर्षं बालवाडी चालवली. मी आपला सांगत होतो, अगं, सगळं मोफत देतो तरी मुलं टिकत नाहीत. तिनं विचारलं, "काठी घरी नेतात का?" म्हटलं, नाही, हरवतील. ती म्हणाली, "मी पाट्या घरी द्यायचे. फुटायच्या. पण शाळेत ठेवली असती तर पोरानं रात्री कशावर गिरवलं असतं?"

म्हणून यंदा पहिल्याच दिवशी प्रत्येकाला काठी आणि एक टेनिसचा चेंडू घरी दिला. कुठलीही भिंत शोधा, रोज वीस वेळा फेका आणि झेला, एवढाच गृहपाठ. समितीतल्या एकांनी मला बाजूला घेऊन समजावलं की काठ्या देणगीतून आल्यात, निम्म्या परत येणार नाहीत, आणि फुकट मिळालेल्याची लोकांना किंमत नसते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. तरी ते शेवटचं वाक्य मला लागलं. एकवीस वर्षांपूर्वी या देशात आलो तेव्हा माझ्या खोलीतली गादी, भांडी, कोट, सगळं लोकांनी फुकट दिलेलं होतं. त्यातला कुकर अजून आमच्याकडे आहे.

आणि या खेळात तर काठी आधी, बाकी सगळं नंतर. लॅक्रॉस मूळचा उत्तर अमेरिकेतल्या हौडेनोसोनी लोकांचा आणि त्यांच्या शेजारच्या इतर आदिवासी राष्ट्रांचा. खेळाचं नाव फ्रेंचांनी ठेवलं, लिखित नियम १८६७ साली मॉन्ट्रियलच्या एका दंतवैद्यानं बांधले, पण हौडेनोसोनींसाठी हा निर्मात्यानं दिलेला खेळ आहे, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणूनही खेळला जाणारा. त्यांच्याकडे मुलगा जन्मला की पाळण्यात छोटी काठी ठेवतात आणि माणूस गेला की त्याच्यासोबत त्याची काठी पुरतात. हिकरी नावाच्या झाडाच्या लाकडाची काठी वाफेवर वाकवून, महिनोन्महिने वाळवून केलेली असते. मैदानावर गोल बसवून मी हे दोन मिनिटांत सांगतो, दर शनिवारी. मेरिलँडनं २००४ साली लॅक्रॉसला राज्याचा अधिकृत सांघिक खेळ केला, इथे गल्लीगल्लीत गोलच्या जाळ्या दिसतात, आणि तरी हा खेळ कुणाचा हे पुष्कळ मुलांना ठाऊक नसतं. माझ्या वर्गातल्या मुलांना ते माहीत असलंच पाहिजे.

आपल्या मराठी मंडळींपैकी एक बाबा परवा विचारत होते, क्रिकेट सोडून हे कुठलं नवीन? मी त्यांना मुंबईची गोष्ट सांगितली. १६ ऑक्टोबर २०२३ ला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत होतं, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी क्रिकेट आणि लॅक्रॉस हे दोन्ही खेळ तिथे एकाच दिवशी मंजूर झाले. दोघंही शंभर-सव्वाशे वर्षांनी परतलेले. क्रिकेट १९०० नंतर, लॅक्रॉस पदकाचा खेळ म्हणून १९०८ नंतर. त्यांना मजा वाटली, मुलाला घेऊन आले. पुढचं मात्र त्यांना सांगताना माझा आवाज चढला. ज्यांनी हा खेळ जगाला दिला, त्या हौडेनोसोनींचा स्वतःचा संघ जागतिक स्पर्धांत खेळतो, पण ऑलिंपिकमध्ये त्यांच्या झेंड्याखाली उतरायची परवानगी अजून त्यांना मिळालेली नाही, कारण त्यांची स्वतःची मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिंपिक समिती नाही. २०१० मध्येही ते मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेला पोहोचू शकले नव्हते, कारण ब्रिटननं त्यांचे पासपोर्ट मानले नाहीत. घरच्यालाच दारात उभं करण्याचा हा प्रकार आहे. मला तो अजिबात पटत नाही.

असो. आजचं लिहायचं राहिलं.

तपकिरी जॅकेटवाला एक सहा वर्षांचा मुलगा पहिल्या शनिवारी काठी घेऊन गेला तो दुसऱ्याला नाही, तिसऱ्यालाही नाही. दोनदा मेसेज केला, उत्तर नाही. खोटं कशाला लिहू, मनात मीही ती काठी वजा करून टाकली होती. आज वीस मिनिटं उशिरा तो आईचा हात धरून आला. तिच्या अंगावर नर्सिंग होमचा गणवेश होता, रात्रपाळी संपवून तशीच आली होती. मधले दोन शनिवार सकाळची पाळी लागली, त्याला आणायला कुणी नव्हतं. ती आधी माफीच मागू लागली. जाळीची एक दोरी तुटली होती, तिनं ती जागा बुटाच्या पिवळ्या लेसनं ओवून घेतली होती. पैसे भरून देते म्हणाली.

मी मुलाकडे बघत होतो. तो कुणी सांगायची वाट न बघता रांगेत जाऊन उभा राहिला होता. त्याची पाळी आली. गुडघे वाकले, मागचा हात गवताला घासला, आणि तो थांबला नाही, चेंडू उचलून तसाच पुढे पळत गेला. लेसमुळे जाळीचा खिसा एका बाजूला खोल झाला होता, म्हणून तो झोका थोडा तिरका देत होता. हे त्याला कुणीच शिकवलं नव्हतं. मी विचारलं, घरी कुठे खेळतोस? म्हणाला, लाँड्रीच्या खोलीत, मशीनं सुरू असली की आवाज कुणाला ऐकू येत नाही.

एप्रिलच्या हंगामाला फी आहे. पुढे मोठ्या मुलांच्या संघात हेल्मेट, ग्लोव्ह्ज, पॅड धरून दोन-तीनशे डॉलर सहज जातात. मोफत वर्ग संपतो तिथेच नेमकं हे दार लागतं, आणि गेल्या वर्षी किती जण तिथून मागे फिरले हे मी कधी विचारलंही नाही. आज विचारलं, सहा घरांना. फीमाफीचे सहा अर्ज तिथेच भरून घेतले, टेबलावर सगळ्यांसमोर नाही, एकेकाच्या गाडीपाशी जाऊन. सोमवारी समितीसमोर ठेवणार.

उद्या पाडवा. कडुलिंब मिळाला, गाठी पुण्याहून आलेल्या आहेत, गुढीला दरवर्षीसारखी माझी बचावपटूची सहा फुटी काठी. आता टबातल्या सतरा काठ्या काढून वाळत घालतो. नव्या दोरीची लडी टेबलावर आहे, सकाळी निघताना त्या मुलाची जाळीही नीट ओवून देतो म्हटलं होतं. त्यानं काठी छातीशी धरली आणि मान हलवली. लेस तशीच आहे.