प्रूफवर होतं, प्लेटवर नव्हतं

आमच्या छापखान्यात अल्बमच्या डिजिपॅकची (सीडीचं घडीचं पुठ्ठ्याचं कव्हर) फाइल आली होती. क्लायंटची प्रूफवर (छपाईआधीचा नमुना) सही झालेली, म्हणजे फक्त प्लेटला (ज्या पत्र्यावरून छापतात तो) पाठवायची बाकी. नेहमीची दुखणी सहीआधीच काढून झाली होती: डायलाइन (पुठ्ठा कुठे कापायचा-दुमडायचा ती खूण) सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्याच चार शाईंत काढलेली (तशीच सोडली तर ती रेघ कव्हरवर छापून येते), ब्लीड (कापायच्या रेघेबाहेर वाढवलेला रंग) 3 मिमी हवा तिथे शून्य, आणि काळा. काळ्यावर मी तासभर बोलू शकते! फोटोतला काळा आरजीबीतून, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतून येतो म्हणून चारही शाईंचा, स्पाइनला (कव्हरच्या कडेच्या पट्टीला) मात्र नुसता के 100, म्हणजे एकटी काळी शाई, स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात आणि छापल्यावर कव्हर गडद, स्पाइन करडी.

तर सवयीने सेपरेशन्स (कुठली शाई कुठे पडणार ते वेगवेगळं) उघडून बघितली. आतल्या पॅनेलवर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत सगळ्यांची नावं, त्यात साउंड इंजिनिअरची ओळच नाही. प्रूफवर मात्र ठळक आहे. ती ओळ आधी काळी असणार, ओव्हरप्रिंट लावलेली, मग कोणीतरी रंग पांढरा केला आणि ओव्हरप्रिंट तसाच राहिला. आता या छपाईत पांढरी शाई नसतेच, आपण तेवढा कागद मोकळा सोडतो, आणि ओव्हरप्रिंट म्हणजे खालचा रंग कापायचा नाही, मग खालचा काळा सलग छापणार आणि नाव गेलं. प्रूफचा रिप (फाइलीचं छपाईसाठी रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) पांढऱ्याचा ओव्हरप्रिंट काढून टाकतो, प्लेटचा रिप फाइल सांगेल तसं करतो. दोन्हीची सेटिंग एक करा म्हणून सांगून थकले, पण चालू मशीनला हात लावायचा नाही हे आमच्याकडचं शास्त्र.

डिझायनरला फोन केला तर म्हणे, "अहो मॅडम, माझ्या स्क्रीनवर दिसतंय की!" ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू ऑन करा म्हटलं तेव्हा कुठे पटलं.

मला ते ओव्हरप्रिंटची एक टिक काढायचं काम होतं. पण सही झालेल्या फाइलीत आपण काही बदलायचं नाही हे मीच नव्या पोरांना शिकवते, म्हणून नवी फाइल मागवली. मशीन खोळंबलं, सुपरवायझर चिडले. नवी फाइल आली ती दुसऱ्याच कॉम्प्युटरवरून एक्स्पोर्ट केलेली, ओव्हरप्रिंट गेला पण फॉन्ट बदलून गाण्यांच्या यादीतली जोडाक्षरं फुटलेली. परत फोन, परत प्रूफ, परत सही.

नाव छापलं एकदाचं. सुपरवायझर अजून म्हणतात, क्लायंटने सही करताना जे बघितलं तेच तर तू छापणार होतीस, मग टिक काढली असती तर काय बिघडलं असतं? बरोबरच आहे त्यांचं. पण मी काढली असती तर उद्या एखादं पोरगं सही झालेल्या फाइलीत स्वतःच्या मनाने काही 'सुधारेल', तेव्हा त्याला कुठल्या तोंडाने बोलू?