समुद्र डावीकडे

कोकणात उतरायचं ठरलं की आमच्या घरी तारखेवरून भांडण होत नाही. शाळा, रजा, पाहुण्यांची लग्नं, सगळं कसंबसं बसवता येतं. भांडण होतं ते फेरा कुठल्या बाजूने मारायचा यावरून. ही अडचण मुंबईकराला कळायची नाही. तो किनाऱ्याच्या वरच्या टोकाला बसलेला. त्याने रेवसपासून निघावं आणि पैसे, रजा, उत्साह यातलं जे आधी संपेल तिथून मागे वळावं. आम्ही सातारकर मध्येच अडकलेले. पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि तिथून डाव्या हाताला गेलं तरी कोकण, उजव्या हाताला गेलं तरी कोकण. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग अख्खा करायचा म्हणजे आठवडा मोडतो. त्यामुळे आमच्या वाट्याला येतो तो गुहागर ते रत्नागिरी हा तुकडा, एका घाटाने उतरून दुसऱ्याने चढायचा.

आता यात दोनच प्रकार संभवतात. कुंभार्लीने उतरायचं, गुहागर, हेदवी, तवसाळ, जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी असं खाली खाली सरकायचं आणि आंबा घाटाने वर यायचं. किंवा बरोबर उलटं: कराडवरून कोकरूडमार्गे मलकापूर (शाहूवाडीचं, कराडला चिकटलेलं नव्हे), आंबा घाट, साखरपा, हातखंबा, रत्नागिरी, आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला. रस्ता तोच, खड्डे तेच, डिझेलही तेवढंच. मग वाद कशाचा, असं शहाणी माणसं विचारतात. शहाण्या माणसांना गाडीत खिडकी मिळालेली असते.

यंदा या वादात पुतण्याही पडला. तो कॅलिफोर्नियात नोकरीला असतो. "काका, समुद्राकडेचा रस्ता नेहमी उत्तरेकडून दक्षिणेकडे करायचा. आमच्याकडे सगळे तसाच करतात." त्याने फोनवर हायवे वनचे फोटो दाखवले. सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसकडे जाताना लागणारा बिग सरचा कडा, दरीवर कमान टाकून १९३२ साली बांधलेला बिक्सबी पूल, खाली फेसाळतं पाणी. देखणा रस्ता, यात शंका नाही. दरडीही आपल्यासारख्याच कोसळतात म्हणे. २०१७ साली एक एवढी मोठी कोसळली की रस्ता पुढच्या वर्षी मोकळा झाला. हे ऐकून आईला अमेरिकेबद्दल पहिल्यांदाच जरा आपुलकी वाटली.

पण पुतण्या एक गोष्ट विसरला होता. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. समुद्र पश्चिमेला, तोंड दक्षिणेला, म्हणजे उजवा हात थेट पाण्याकडे आणि गाडी कड्याला लागून. आपलाही समुद्र पश्चिमेलाच, पण आपण चालवतो डावीकडून. तेव्हा तोच हिशेब इथे लावला तर उत्तर बरोबर उलटं येतं: रत्नागिरीहून गुहागरकडे, समुद्र डावीकडे. ऑस्ट्रेलियात ग्रेट ओशन रोड आहे, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात खोदून काढलेला, २४३ किलोमीटरचा. तिथेही गाड्या डावीकडून, पण समुद्र दक्षिणेला. म्हणून तिथे टॉर्कीपासून पश्चिमेकडे निघतात. उत्तर-दक्षिण हा यातला मुद्दाच नाही. तुमच्या आणि समुद्राच्या मध्ये समोरून येणारा चिऱ्याचा ट्रक असावा की नसावा, एवढाच प्रश्न आहे.

आरे-वाऱ्याला हे नीट कळतं. रत्नागिरीकडून येताना वळणं घेत घेत रस्ता एका ठिकाणी उघडतो आणि डावीकडे, अगदी चाकाखाली असल्यासारखी, वाऱ्याची पुळण दिसते. सुरूचं बन, त्यापलीकडे लाटांच्या तीन-चार ओळी, त्यांच्याही पलीकडे एखादी होडी. मध्ये काही नाही, फक्त कठडा. गाडी डावीकडे घेतली की उतरून उभं राहता येतं. तेच गणपतीपुळ्याकडून आलात तर तुम्ही डोंगराच्या अंगाला. उजवीकडे पाहिलं की आधी समोरून येणारी गाडी दिसते, मग तिच्या टपावरची बॅगा बांधलेली ताडपत्री, आणि उरलेल्या फटीतून अरबी समुद्र. थांबायचं म्हटलं तर वळणावर रस्ता ओलांडायचा, तोही पोरांचा हात धरून. चालवणाऱ्याची मान सारखी उजवीकडे वळते ती वेगळीच काळजी.

उन्हाचाही विचार करावा लागतो. आपण जातो हिवाळ्यात, तेव्हा दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. दक्षिणेला तोंड करून निघालं की तो काचेतून सरळ डोळ्यात. उत्तरेला निघालं की पाठीशी, आणि समोरचं सगळं लख्ख उजळलेलं. संध्याकाळी मात्र डावीकडे बसलेल्याचा गाल भाजतो. समुद्र पाहिजे तर तेवढं सोसावं.

खरं सांगायचं तर सागरी मार्गावर समुद्र दिसतो किती? जांभ्याचे सडे, कलमांच्या बागा, गडग्यांमधून जाणारे अरुंद रस्ते, खाडी आली की आत वळसा. नाव समुद्राचं आणि सोबत काजूची. दिवसभर चालवून पाणी डोळ्यापुढे राहतं ते तुकड्यातुकड्याने, आणि म्हणूनच त्या तुकड्यांसाठी एवढी हमरीतुमरी. रोज दिसला असता तर कोण भांडलं असतं? जयगडच्या खाडीत गाड्या वाहणारी जंगलजेटी तवसाळला नेते तेवढ्यापुरता वाद थांबतो. गाडीतून सगळेच खाली उतरतात, कठड्याला टेकतात, डावं-उजवं काही राहत नाही.

आईला माझा पाण्याचा आणि उन्हाचा हिशेब पटला नाही, तिने तो ऐकलाही नसावा. तिचं म्हणणं साधं होतं: आधी देव, मग मासे. रत्नागिरीकडून निघालं तर गणपतीपुळे आधी येतं आणि गुहागरची सुरमई नंतर. उलट्या बाजूने गेलं की क्रम बिघडतो. वर तिने विचारलं, "पुळ्याला डोंगराला प्रदक्षिणा घालतोस तेव्हा समुद्र कुठल्या हाताला असतो रे?" पुळ्याला डोंगरच देव. देवळाचं तोंड पश्चिमेला, डोंगर उजवीकडे ठेवून किलोमीटरभर चालायचं, म्हणजे निघताना समुद्र डाव्या हाताला. मी कागदावर आमचा फेरा काढून पाहिला. साताऱ्याहून कराडकडे, आंब्याने खाली, किनाऱ्याने वर, कुंभार्लीने परत: सह्याद्री सगळीकडे उजवीकडेच राहतो. मला एवढं गणित घालून जे सापडलं ते तिने देवळाबाहेर चपला काढता काढता बघून ठेवलं होतं.

शेजारचे तात्या एसटीत ड्रायव्हर होते, घाटातल्या गाडीवर वर्षं काढलेली. त्यांना विचारलं तर म्हणाले, "समुद्र? आवो, चालवणाऱ्याला म्होरल्या गाडीचा लाल दिवा दिसतोय. कुठनं बी जावा." आणि मग टायरमधली हवा, ब्रेक ऑइल आणि कुंभार्ली चढताना दुसऱ्या गिअरला कुठे यायचं, यावर अर्धा तास बोलले.

एकूण बाजू ठरली. पुतण्याचीही समजूत पटली, फक्त गाडी चालवायला द्यायचा प्रश्न नव्हता. त्याने पोवई नाक्याला वळण घेताना इंडिकेटर म्हणून जी दांडी ओढली तिने कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागले. तिकडे ती दांडी दुसऱ्या हाताला असते. मग चालवणारे राहिलो दोघंच, मी आणि ही. तिने फार समजूतदारपणे वाटणी सुचवली. "घाट दोन्ही मी चालवते. तुम्हाला घाटात झोप येते. किनाऱ्याचा सपाट रस्ता तेवढा तुम्ही घ्या, रत्नागिरी ते गुहागर."

मी हो म्हणून बसलो. डबे कुठले घ्यायचे, पेढे किती न्यायचे हे बोलून झाल्यावर पुतण्या हळूच म्हणाला, "काका, म्हणजे डावीकडची पुढची सीट काकूला." ही तोवर फोनवर गुहागरला खोली मिळते का ते विचारत होती, समुद्राकडे खिडकी असलेली.